एकाच नावाचे गवत, गुण निराळा

मंडळी, आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे आपण बोलताना सहज दोन वाटे करतो. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हा भाग घाटाखालचा. वर अजिंठ्याचे डोंगर आहेत. तिथे पुष्कळ ठिकाणी जमीन बरड, खाली मुरूम. पाऊस पडला की पाणी उताराने पळून जाते. खाली पूर्णा नदीचे खोरे आहे. तिथली जमीन काळी, भारी आणि चिकट. पाऊस पडला की पाणी जागचे हलत नाही.

पाऊस मात्र दोन्हीकडे लहरी. १९७२ चा दुष्काळ जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. २०१८ साली सरकारने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. त्यात संग्रामपूर तालुका होता. पुढे पाचच वर्षांनी, २०२३ च्या जुलै महिन्यात, त्याच तालुक्यात एवढा पाऊस कोसळला की नदी-नाले गावात शिरले आणि वावरे खरडून गेली. एकाच मातीला एकदा तहान आणि एकदा पूर!

पूर आला तर माणूस उंचावर जातो. ढोरांचे दावे सोडून देता येते. दुष्काळ पडला तर माणूस पोट घेऊन दुसरीकडे जातो. गवताला पाय नाहीत. जिथे उगवले तिथेच त्याला दोन्ही सोसावे लागते. मग सांगा पाहू, सगळे गवत सारखेच सोसते का?

तुम्ही म्हणाल, "हे काय विचारणं झालं? कुसळ बरडावर येते, लव्हाळा पाण्याकाठी येतो. ज्याची त्याची जागा ठरलेली." बरोबर आहे. कुसळ, पवना, मारवेल, कुंदा, हरळी ही निरनिराळी गवते आहेत. त्यांचे स्वभावही निराळे. गुराख्याच्या पोरालाही ते ठाऊक असते. पण आज बोलायचे आहे ते याच्या पुढचे. एकाच नावाच्या, एकाच जातीच्या गवतातसुद्धा फरक असतो. नाल्याकाठची मारवेल आणि टेकाडावरची मारवेल दिसायला बहिणी-बहिणी. पण एक पाणी सोसणारी आणि दुसरी तहान सोसणारी असू शकते. हे ओळखले नाही तर वैरणीचे एक वर्ष वाया जाते. कसे, ते पाहू.

रोशाची गोष्ट

याचा आपल्याकडचा चांगला दाखला म्हणजे रोशा गवत. याला तिखाडी असेही म्हणतात. पान चुरगळले की घमघमाट सुटतो. ढोरे याला फारसे तोंड लावत नाहीत. पण माणसाने याचे तेल काढले. वऱ्हाड, खानदेश, निमाड या मुलखात पूर्वी रोशाच्या भट्ट्या लागत. गवत फुलोऱ्यावर आले की कापायचे, नाल्याकाठी भट्टी मांडायची, मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी घालून उकळायचे. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची. ते भांडे थंड पाण्यात बसवलेले असे. वाफेचे पाणी होई आणि वर तेल तरंगे. हे तेल मुंबई बंदरातून जहाजाने पार तुर्कस्तानापर्यंत जात असे. तिकडचे व्यापारी गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ करीत, कारण त्याला गुलाबासारखा वास येतो. भेसळ काही आजची नाही, पाहा!

आता खरी गंमत ऐका. भट्टीवाल्यांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. रोशा दोन प्रकारचा असतो. एकाला ते मोतिया म्हणत आणि दुसऱ्याला सोफिया. मोतियाचे तेल गुलाबाच्या वासाचे, त्याला भाव जास्त. सोफियाचे तेल उग्र वासाचे, त्याला भाव कमी. गवत पाहिले तर दोन्ही इतकी सारखी की नवख्या माणसाला ओळखू येत नाहीत. शास्त्राच्या पुस्तकातही दोघांचे मूळ नाव एकच आहे. मग भट्टीवाला ओळखायचा कसा? वास तर तो घेईच. पण आधी जागा पाही. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर येतो. जिथे पाणी थांबत नाही तिथे त्याची ठोंबे सुटी-सुटी उभी असतात. सोफिया खोलगट, ओलसर जागी दाट माजतो. तिथे निचरा नसला तरी त्याला चालते.

एकच गवत, पण एकाने उतार धरला आणि दुसऱ्याने ओल धरली.

कोणी म्हणेल, "अहो, जागेचाच गुण असेल तो. मोतिया ओलीत लावला तर त्याचा सोफिया होईल." शंका रास्त आहे. पण तसे होत नाही. मोतियाचे बी घेऊन लागवड केली तर मोतियाच येतो. त्याचे तेलही मोतियाचेच राहते. म्हणूनच तेलासाठी शेती करणारे लोक आज मोतियाचेच बी मागून घेतात. गुण बियात उतरलेला असतो. नुसत्या जागेने तो बदलत नाही.

फरक जागेचा की बियाचा?

ही शंका एका परदेशी शास्त्रज्ञालाही आली होती. स्वीडन नावाचा थंड देश आहे. तिथे टुरेसन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने पाहिले की एकाच जातीची झाडे समुद्रकाठी बुटकी, पसरट असतात आणि आतल्या मुलखात उंच असतात. समुद्राच्या वाऱ्याने ती बुटकी झाली, की मुळातच बुटकी? त्याने सोपी युक्ती केली. दोन्हीकडची झाडे आणून एकाच बागेत, एकाच मातीत लावली. पाणी सारखे, ऊन सारखे. काही झाडांचा फरक मिटला. तो जागेचा फरक. पण पुष्कळ झाडे तिथेही बुटकी ती बुटकीच राहिली. तो बियाचा फरक. हे त्याने १९२२ साली लिहून प्रसिद्ध केले. एका जातीच्या आत जागेप्रमाणे पडलेल्या अशा वाणाला आपण 'ठिकाणचा वाण' म्हणू.

अमेरिकेतही असेच आहे. तिकडे स्विचग्रास नावाचे पुरुषभर उंच गवत आहे. त्याचे दोन ठिकाणचे वाण आहेत. नदीकाठच्या सखल भागातला वाण उंच, जाड काडीचा आणि पाणी सोसणारा. माळावरचा वाण ठेंगणा, बारीक काडीचा आणि कोरड सोसणारा. तिकडचे शेतकरी बी घेताना "सखल की माळावरचे?" असे विचारूनच घेतात.

पाण्यात गवत कशाने मरते?

आता पोटातले कारण पाहू. पुष्कळांना वाटते की पाणी जास्त झाले म्हणून झाड मरते. खरे म्हणजे ते गुदमरून मरते. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा असते. मुळे त्या हवेवर जगतात. वावरात पाणी साचले की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. हवेतला प्राणवायू पाण्यातून मुळापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. मोकळ्या हवेत तो जेवढ्या वेगाने पसरतो, त्याच्या दहा हजारावा हिस्सा वेग साचलेल्या पाण्यात उरतो. मका हे पीक आपल्याकडे खूप घेतात. मकाही गवताच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पिकात चार दिवस पाणी उभे राहिले की पाने पिवळी पडतात ती याच कारणाने. वर पाणी आणि खाली गुदमर.

पाणथळ जागेतल्या गवताने यावर तोड काढलेली असते. त्याच्या मुळाच्या आत बारीक पोकळ नळ्या असतात. पानाने घेतलेली हवा या नळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत उतरते. भाताचे मूळ आडवे कापून पाहा, आतून जाळीदार दिसेल. काही गवते दुसरेही करतात. जमिनीतली जुनी मुळे सडली तर काडीच्या पेऱ्यातून, पाण्याच्या वरच्या थराला, नवी मुळे सोडतात. तिथे थोडी तरी हवा मिळते.

तहानेची तऱ्हा उलटी आहे. बरडावरच्या गवताला मूळ खोल न्यावे लागते. पान बारीक ठेवावे लागते. दुपारच्या उन्हात ते पान सुरळीसारखे गुंडाळून घेते, म्हणजे पाणी कमी उडते. काही वाण लवकर फुलोरा धरतात आणि ओल संपायच्या आत बी टाकून मोकळे होतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून कोळ होतो. पण जमिनीलगतचा गड्डा जिवंत असतो. मृगाची एक सर आली की त्यातून कोंब फुटतो. कुसळाचे बी तर आणखी हुशार. त्याची ती लांब शेपटी ओल लागली की पीळ सोडते आणि वाळली की पुन्हा पीळ घालते. असे फिरत फिरत बी स्वतःला मातीत रोवून घेते. खोटे वाटत असेल तर एक वाळलेले कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते हातावरच फिरू लागेल. पोरांना दाखवा, त्यांना फार मौज वाटेल.

"मग एकाच गवताने दोन्ही का करू नये?" असे कोणी विचारील. करते, थोडे थोडे. हरळी पाहा. ती पाण्याखालीही तग धरते आणि उन्हाळ्यातही मरत नाही. म्हणून तर वावरातून निघता निघत नाही! पण दोन्ही गुण पुरेपूर अंगी असणे महागाचे पडते. खोल मूळ करायचे तर शिदोरी तिकडे खर्च होते. रुंद पान ठेवले तर ओलीत भरपूर वाढ होते, पण उन्हात तेच पान पाणी उडवून टाकते. तट्ट्याची बैलगाडी आणि शर्यतीची छकडी एकाच सांगाड्यात बसत नाही, तसेच हे.

असा वाण कसा पडतो?

हे कोणी मुद्दाम करीत नाही. समजा, एका टेकाडावर मारवेलीचे शंभर दाणे पडले आणि तेवढेच खालच्या नाल्याच्या डबक्यात पडले. सगळे दाणे अगदी सारखे नसतात. एका आईची लेकरे तरी कुठे सारखी असतात? कोणाचे मूळ खोल, कोणाचे उथळ. डबक्यात पाणी भरले की गुदमर न सोसणारी रोपे मरतात. दोन-चार तगतात. बी धरतात ती तीच. टेकाडावर उन्हाळ्यात उथळ मुळांची मरतात आणि खोल मुळांची राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच चाळणी. अशी चाळणी वर्षानुवर्षे चालली की दोन ठिकाणी दोन वाण होतात. आपण जोंधळ्याची चांगली कणसे निवडून बियाला ठेवतो ना? तेच काम इथे पाणी आणि ऊन करते.

वाऱ्याने फुलोऱ्याचे परागकण इकडून तिकडे जातात, त्यामुळे थोडी मिसळ होतेच. पण चाळणी कडक असेल तर फार लांब जायलाही लागत नाही. एकाच शिवारात, नाल्यापासून धुऱ्यापर्यंत, फरक पडू शकतो.

आपल्या माणसांनी हे पिकांतही साधले आहे. जोंधळाही गवतच. सोलापूरकडच्या मोहोळ येथे १९३० नंतरच्या दहा वर्षांत गावठी मालदांडी जोंधळ्यातून निवडून मालदांडी ३५-१ हा वाण काढला. रब्बीत पाऊस नसतो. जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो दाणाही देतो आणि गोड कडबाही.

पाण्याच्या बाजूचा दाखला ओडिशाचा आहे. तिथे नद्यांच्या पुरात भात बुडते. साधे भात बुडाले की घाबऱ्या माणसासारखे धडपडते. उंच वाढून पाण्याबाहेर डोके काढायला बघते. त्यात अंगातली साठवण संपते आणि पाणी उतरले की ते आडवे होते. पण तिथल्या शेतकऱ्यांकडे धलपुटिया नावाचे जुने गावठी भात होते. ते पाण्याखाली गेले की गप्प राहते. वाढ थांबवते, साठवण जपून ठेवते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते. त्यातून एफ. आर. १३ ए हा वाण निवडला गेला. पण त्याचे उत्पन्न कमी, म्हणून लोक तो लावीत नसत. पुढे २००६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यातला पाणी सोसण्याचा नेमका गुण शोधून काढला. तो गुण संकर करून स्वर्णा नावाच्या लोकप्रिय भातात आणला. स्वर्णा-सब १ हे त्याचे नाव. २००९ पासून ते आपल्या देशात शेतकऱ्यांना मिळू लागले. दोन आठवड्यांपर्यंत बुडाले तरी ते पुन्हा उभे राहते. एका गरीब मुलखातले, कमी पिकणारे गावठी बी कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून हे झाले.

आपल्या ई-क्लासवर काय करावे?

आता घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्याकडे गावोगावी ई-क्लास जमीन आहे. ढोरे तिथेच चरतात. बहुतेक ठिकाणी चराई एवढी झाली आहे की चांगले गवत संपून कुसळ आणि काटेरी झुडपे राहिली आहेत. काही गावे ती जमीन राखून पुन्हा मारवेल, पवना लावतात. धुऱ्यावरही लावतात. काम चांगले आहे. पण बी कुठून आणायचे याचा विचार कोणी फारसा करीत नाही. "मारवेलच ना? आणा कुठली तरी." पूर्णेकाठच्या ओल्या पट्ट्यातली ठोंबे आणून चिखलीकडच्या मुरमाड टेकाडावर लावली तर पावसाळाभर ती हिरवीगार दिसतील. सगळे खूष होतील. खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. आणि टेकाडावरची मारवेल नेऊन खालच्या चिबड जमिनीत लावली तर तिची परीक्षा श्रावणातच होईल.

म्हणून जशी जमीन, तशाच जमिनीवरचे बी घ्यावे. टेकाडासाठी टेकाडावरचे, पाणथळीसाठी पाणथळीतले. जवळपास मिळाले तर फारच चांगले. एकाच ठोंबाचे बी घेऊ नये. वीस-पंचवीस निरनिराळ्या ठोंबांचे थोडे थोडे घ्यावे. म्हणजे त्यात नाना गुणांचे दाणे येतील आणि वाईट साल आले तरी काही तगतील. पावसाळ्यानंतर बी पिकते. त्या वेळी ज्या जागा चांगल्या आहेत तिथे ढोरे जरा उशिरा सोडावी. नाहीतर बी धरायच्या आत सगळे पोटात जाते. ताजे बी लगेच टाकले तर पुष्कळदा उगवत नाही. गवताच्या बियाला काही महिने झोप लागते. कोरड्या जागी टांगून ठेवावे आणि पुढच्या पावसाला टाकावे. पिशवीवर जागेचे नाव लिहून ठेवावे. आता लिहिता येते, तर त्याचा उपयोग करा.

बी विकत घ्यायचे तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलीचा निवडलेला वाण काढला आहे. त्याचे नाव फुले मारवेल ०६-४०. चारा भरपूर देतो. अकोल्याचे कृषी विद्यापीठ तर आपल्याला जवळच आहे. तिथे जाऊन "आमची जमीन अशी आहे, कोणता वाण घ्यावा?" असे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या गावची मारवेल कशी आहे, हे स्वतः पाहायचे असेल तर सोपी तऱ्हा आहे. पावसाच्या सुरुवातीला नाल्याकाठची दहा ठोंबे आणा आणि बरडावरची दहा आणा. सगळी एकाच मातीत, सारख्या डब्यांत लावा. डब्यांच्या बुडाला भोके असू द्या. लगेच परीक्षा घेऊ नका. जुन्या जागेचा गुण अंगात असतो, तो जाऊ द्या. दोन-तीन महिने सारखे पाणी द्या. सगळी एकदा कापून सारखी करा. मग प्रत्येकीतली पाच ठोंबे मोठ्या घमेल्यांत ठेवा आणि डब्याच्या काठाच्या वर बोटभर पाणी उभे ठेवा. उरलेली पाच-पाच ओसरीवर, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा जागी ठेवा आणि त्यांचे पाणी बंद करा. डब्यांवर नाल्याची 'ना' आणि बरडाची 'ब' अशी अक्षरे घाला. नाहीतर आठ दिवसांनी तुम्हालाही ओळखू येणार नाहीत. तीन आठवड्यांनी घमेल्यातले पाणी काढा, ओसरीवरच्यांना पाणी घाला आणि आणखी दहा दिवस थांबा. मग कोणाला किती नवे कोंब फुटले ते मोजून वहीत लिहा.